सहा वाजताचा रिलीव्हर

ज्याची आठवण जात चालली आहे अशा माणसाला भेटायला येणारा पाहुणा दोन गोष्टी सोबत आणतो. अर्धा डझन केळी आणि एक प्रश्नपत्रिका. केळी टेबलावर ठेवून झाली की तो पेशंटच्या तोंडाजवळ तोंड नेतो आणि पेशंट बहिरा नसला तरी ओरडतो, "ओळखलं काय मले? सांगा बरं, मी कोण?" पेशंट बिचारा हसतो. पाहुण्याला वाटतं, उत्तर ओठांवर आलंय, जरा मदत करावी. मग "अहो, अमरावतीच्या लग्नात नव्हतो काय आपण एका पंगतीले?" असे पूरक प्रश्न सुरू होतात. शेवटी पेशंट नापास होतो. पाहुणा त्याच्या देखतच चुकचुकत निकाल जाहीर करतो, "फारच विसरून राहिले हो हे," आणि आणलेल्या केळ्यांपैकी एक स्वतः खाऊन निघून जातो.

ही परीक्षा मी गेली आठ वर्षं रायपुरातल्या वेगवेगळ्या घरांत बसून पाहते आहे. त्याआधी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, शेवटी शेवटी वॉर्डची इन्चार्ज. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि "सिस्टर, आता आराम करा" असा सल्ला मिळाला. आराम चार दिवस केला. पाचव्या दिवशी घरच्यांच्या लक्षात आलं की वॉर्ड गेला तरी इन्चार्ज घरातच आहे, आणि त्यांनीच मला बाहेर काहीतरी शोधायला लावलं. तेव्हापासून मी ब्राह्मणपाऱ्यातल्या घरून स्कूटी काढते आणि ज्या घरात स्मृतिभ्रंश झालेलं कुणी म्हातारं माणूस आहे तिथे जाऊन बसते.

"पण तुम्ही नक्की करता काय?" असं लोक विचारतात. मी इंजेक्शन देत नाही, सलाईन लावत नाही, म्हणजे त्यांच्या मते मी काहीच करत नाही. एका परीनं ते खरंच आहे. मी बसून पाहते. माणूस केव्हा चिडतो, केव्हा शांत असतो, मेथी निवडायला दिली तर हात चालतात का, कुठल्या भाषेत बोललं की मान वर करतो. आपल्या इकडे हे भाषेचं फार असतं. नोकरीपायी शिकलेली हिंदी आधी जाते, आणि चाळीस वर्षं साहेबांशी हिंदीत बोललेली बाई एक दिवस फक्त माहेरच्या, आर्वीच्या मराठीत बोलायला लागते. नातवंडं "दादी क्या बोल रही है?" म्हणत माझ्याकडे बघतात. मी पाहिलेलं सगळं घरच्यांना शिकवते. शिकायला पेशंटपेक्षा घरचे जास्त जड जातात.

या आजाराला बरं करणारं औषध अजून नाही, असं सांगितलं की लोकांना तो माझाच नाकर्तेपणा वाटतो. शेजारी बदाम सुचवतात, मेहुणे ब्राह्मीचं तेल आणतात, भाचा मोबाईलवर शब्दकोडी टाकून देतो. बदामांविषयी माझी काही तक्रार नाही, मीही खाते. पण नवीन आठवणी आधी जातात आणि जुन्या उशिरा, हे बदामाला कळत नाही. नावं, तारखा, नाती पुसली जातात. भीती, अपमान, माया आणि हातांची सवय मात्र फार उशिरापर्यंत टिकते. कोण ओरडलं ते पेशंट विसरतो, पण मनाला लागलेलं संध्याकाळपर्यंत लागलेलं असतं.

हे शहाणपण मला नोकरीत असताना नव्हतं. माझ्या आईला हाच आजार झाला तेव्हा मी मोठी शिकलेली नर्स होते. मी तिच्या पलंगासमोर फळा टांगला आणि रोज त्यावर वार, तारीख, गाव ठळक अक्षरांत लिहीत गेले. आई विचारायची, "तुये बाबा अजून आले नाईत काय वं?" आणि मी, खोटं न बोलणारी सरकारी कर्मचारी, तिला खरं सांगायची की बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. चहाच्या वेळेपर्यंत विसरायची आणि पुन्हा विचारायची. मी पुन्हा खरं सांगायची. दिवसातून चार वेळा मी माझ्या आईला विधवा केलं, आणि ते मी सेवा म्हणून केलं. याची मला आजही लाज वाटते.

आता मेश्राम काकांविषयी. काका रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इन्चार्ज होते. भट्टीतून लालबुंद लोखंड येतं, रोलांमधून दाबून त्याची सळई होते, आणि हे सगळं थांबू नये म्हणून एक माणूस बारा बारा तास उभा असतो. तो माणूस म्हणजे काका. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून मिलमधलाच. नमस्ते म्हटलं तर नुसते बघायचे, पण "जयभीम काका" म्हटलं की हात कपाळाकडे जाऊन खणखणीत "जयभीम!" यायचं. घरात ते आणि काकू, दोघंच. एकुलता मुलगा नितीन पुण्याला कॉम्प्युटरवाल्या कंपनीत. आई-बापाची काळजी घेण्यासाठी त्यानं घरात तीन कॅमेरे बसवले होते. काका पडले की त्याला पुण्यात लगेच दिसायचं. इथे उचलायला काकूच असायच्या, पण दिसायचं मात्र लगेच.

काकांचा दिवस बरा जायचा. संध्याकाळी सहा वाजले की बिनसायचं. ते दाराशी जायचे, कुलूप लावलेली ग्रिल हलवायचे आणि ओरडायचे, "मले घरी जाऊ द्या! सोडा मले!" काकू म्हणायच्या, "अहो, हेच घर आहे आपलं." काका अजून चिडायचे. झोपेची गोळी सुरू झाली, त्या गुंगीत ते बाथरूममध्ये पडले, कपाळाला टाके आले. ते टाके नितीनला कॅमेऱ्यात दिसले आणि त्यानं नागपूरच्या एका वृद्धांच्या संस्थेत खोली ठरवून टाकली. दिवाळीला येणार आणि वडिलांना घेऊन जाणार.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंनी चहाही विचारला नाही. सरळ म्हणाल्या, "सिस्टर, दिवायीले दोन महिने आहेत. त्याच्या आत हे सहाचं भांडण मिटवा. नाई तं नेते तो त्याले. माया डोयापुढं राहू द्या. पन्नास वर्षं झाली, मले दुसऱ्याची सवय नाई."

मी माझे हुकमी उपाय काढले. लग्नाचा अल्बम दाखवला. काकांनी त्यातल्या नवरदेवाला "बरा दिसते पोट्टा" असं प्रमाणपत्र दिलं आणि ग्रिल हलवायला गेले. गाणी लावली. गाण्यात ग्रिलचा आवाज मिसळला. एकतीस वर्षांचा अनुभव तिसऱ्या दिवशी संपला, तेव्हा मी नाइलाजानं ते केलं जे आधी करायला हवं होतं. गप्प बसून पाहिलं.

काका दाराशी जात, रस्त्याकडे बघत आणि परत येत. परत आले की पाण्याच्या पंपाचं बटण तपासत. इन्व्हर्टरवर हात ठेवून त्याची घरघर ऐकत. स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण बघत. मग पुन्हा दाराशी. पळून जाणारा माणूस जाता जाता गॅस तपासत नाही. मी विचारलं, "काका, कोणाची वाट पाहून राहिले?"

ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की इतकी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही. "रिलीव्हर आला नाई ना अजून. चालू भट्टी टाकून जाऊ काय मी?"

काकूंनी डोक्याला हात लावला. मिलमध्ये नियमच तसा. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर आधीच्यानं जागा सोडायची नाही. "नितीन झाला तवा हे तिथंच होते," काकू म्हणाल्या. "रिलीव्हरचा बाप मेला होता. दुसऱ्या रोजी आले पोराले पाहाले. कपड्याले भट्टीचा वास. मी महिनाभर बोलली नाई त्याच्यासंग." म्हणजे आम्ही सगळे ज्याला पळून जाणारा म्हणत होतो, तो माणूस मुळी चार्ज दिल्याशिवाय आपली जागा सोडायला तयार नव्हता. आम्ही त्याला कुलूप लावून कोंडलं होतं आणि वर गोळ्या देत होतो.

मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पिवळं हेल्मेट विकत घेतलं. ते घालून सहाच्या ठोक्याला दारात उभी राहिले आणि म्हणाले, "जयभीम काका. मी आली ड्यूटीवर. निघा तुम्ही."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोण हो तुम्ही?"

"रिलीव्हर."

"असा चार्ज घेतात काय?" काका असे कडाडले की शेजारच्या घराचा पडदा हलला. "काय चालू आहे, काय बंद आहे, विचारलं नाई अन् निघा म्हनते! कोणं ठेवलं हिले कामावर?" त्या संध्याकाळी त्यांनी खुर्चीचे हात धरून ठेवले आणि जेवायलाही उठले नाहीत. काकू माझ्या हेल्मेटकडे बघत होत्या. हसायला आत गेल्या, हे त्यांचे उपकार.

घरी येताना सिग्नलला उभी होते, हेल्मेट डोक्यावरच होतं, आणि तिथे मला माझी चूक कळली. दवाखान्यात आम्हा नर्सेसनाही शिफ्ट बदलताना हेच करावं लागतं. आम्ही त्याला 'ओव्हर' म्हणतो. जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक खाटेपाशी नेते, कुणाला काय दिलं, कुणाचं काय राहिलं ते सांगते. काय बाकी आहे हे न विचारता एखादी पोरगी चार्ज घ्यायला लागली तर मी तिला सगळ्या वॉर्डासमोर सोलून काढायची. तीच मी, या माणसाकडून काहीही न विचारता चार्ज घ्यायला गेले होते. का? कारण माझ्या लेखी तो पेशंट होता, आणि पेशंटकडे कसला आलाय चार्ज! त्याला फक्त वाटेला लावायचं होतं. काकांना ते बरोबर कळलं. डोकं गेलेल्या माणसाला एवढं कळलं आणि शाल-श्रीफळवालीला कळलं नाही.

मग नीट तयारी केली. एक दोनशे पानी वही आणली, तिला रजिस्टर केलं. मी रोज येऊ शकणार नव्हते, म्हणून रिलीव्हर काकूंनाच व्हायला सांगितलं. हेल्मेट रद्द, डोक्याला रुमाल बांधायचा आणि ढिला शर्ट घालायचा. काकूंना शर्टाची अडचण नव्हती, हाक मारण्याची होती.

"नाव घेत नाई मी त्याचं. काय म्हणू?"

"मिलमधले मेश्रामभाऊ म्हणत होते ना?"

"बाप्पा! नवऱ्याले भाऊ म्हणू काय?" काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेवटी 'साहेब'वर तडजोड झाली. घरात तसंही पन्नास वर्षं तेच चाललं होतं म्हणे.

सहा वाजले. काकू पुढच्या दारातून आल्या. "जयभीम साहेब. काही बाकी?"

काका खुर्चीतून उठले. त्यांचे खांदे सरळ झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. "दोन नंबरचा रोल आवाज करून राहिला. तेल पाहजा." काकू म्हणाल्या, "हव, पाहतो." मग काकांनी त्यांना सगळीकडे फिरवलं. पंप, इन्व्हर्टर, गॅस. प्रत्येकाबद्दल काहीतरी सांगितलं. बरंचसं मला समजलं नाही, पण काकू "हव, हव" करत वहीत लिहीत होत्या. काकांनी वाचून सही केली. सही झकास होती, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. कुलूप काढलेलंच होतं. आम्ही दोघं पुढच्या दारानं निघालो, घराला वळसा घालून गल्लीतून आलो आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरलो. तोवर काकू रुमाल सोडून चहा ठेवून उभ्या होत्या. "आले काय?" "हव, आलो," म्हणत काका बसले आणि चहा प्याले. ग्रिलला कुणी हात लावला नाही.

हे दर संध्याकाळी सुरू झालं. मी नसेन तेव्हा शेजारचं कुणी त्यांच्यासोबत गल्लीतून चालायचं, कारण पुढच्या रस्त्यावर ट्रक असतात आणि ट्रकला कुणाचा स्मृतिभ्रंश कळत नाही. गोळी डॉक्टरांना विचारून कमी झाली, मग बंद झाली. रोज जमायचंच असं नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी काका चार्ज द्यायला नकार देत आणि आम्ही सगळे ताटकळत बसायचो. एकदा सही करताना ते रुमालातल्या काकूंना म्हणाले, "लवकर निघतो आज. बायको थांबली असन. मी गेल्याशिवाय जेवत नाई ते."

नंतर ओट्यापाशी काकू मला म्हणाल्या, "खोटं! मी तं केव्हाच जेवून बसत होती. कोण थांबते यांच्यासाठी?" मग बराच वेळ धुतलेलंच पातेलं धूत राहिल्या. "पण त्याले असं वाटत होतं, हे मले आज माहीत झालं." त्या दिवसापासून काकू थांबतात.

दिवाळीच्या चार दिवस आधी नितीन आला. हातात फाईल, फाईलमध्ये नागपूरचे कागद. दारातून आत आल्या आल्या त्यानं वडिलांच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "पापा, पहचाना? बताओ, मैं कौन?" दर रविवारी फोनवर तो हाच पेपर घ्यायचा. काकांनी अदबीनं खुर्ची पुढे केली. "बसा साहेब. चाय घ्या." नितीनचा चेहरा उतरला. तो वाईट मुलगा नव्हता, हे मला मान्य करावं लागतं. मला वाईट मुलगा असता तर सोपं गेलं असतं.

काकूंनी त्याला सहा वाजताचं सगळं सांगितलं. तो माझ्याकडे वळला. "सिस्टर, ये तो झूठ हुआ ना? आप रोज पापा को बुद्धू बना रहे हो. इससे तो अच्छा है कि प्रोफेशनल लोगों के पास रहें." मी उत्तर देणार होते. माझ्याकडे उत्तर होतं, दोन लांबलचक व्याख्यानांचं. पण सहा वाजले होते आणि काकूंनी माझ्याआधी तोंड उघडलं. त्यांनी रुमाल आणि वही मुलाच्या हातात दिली.

"आज मायी सुट्टी आहे. आज तू."

"आई, मुझे नहीं आता ये सब."

"नेतो म्हणतं ना त्याले? मंग आधी चार्ज घे. चार्ज न घेता कसा नेशीन?"

नितीन पुढच्या दारात जाऊन उभा राहिला. रुमाल त्याला बांधता आला नाही, तो हातातच राहिला. "जयभीम, साहब," तो म्हणाला. मग मराठीत, अडखळत, "काही... बाकी?"

काका उठले. "नवा आहेस काय?"

"जी."

"घाई नको करू. नव्या माणसाचा हात भाजते." त्यांनी त्याचा दंड धरला आणि फिरवलं. पंप. इन्व्हर्टर. गॅस. नितीननं वहीत काही लिहिलं की नाही मला दिसलं नाही. दाराशी आल्यावर काकांनी सही केली, पेन त्याच्याकडे दिलं आणि पाऊल बाहेर टाकता टाकता थांबले.

"एक बाकी आहे."

"काय?"

"माया पोराचा फोन याचा आहे. पुण्याले राहते. लई हुशार आहे. पण फोनवर विचारते, मी कोण, मी कोण. मले येत नाई ना सांगता. मंग बिचारा उदास होते." काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, सुपरवायझरनं ऐकू नये तसा. "त्याचा फोन आला तं तू सांगजो त्याले, बापानं ओळखलं होतं म्हणून. सांगशीन ना?"

खोटं बोलणं वाईट, असं पाच मिनिटांपूर्वी मला शिकवणारा माणूस हातातल्या रुमालाला गाठी मारत होता. काका त्याच्या तोंडाकडे बघत उभे होते. चार्ज पूर्ण झाल्याशिवाय ते निघणारे नव्हते.

"हव," नितीन म्हणाला. "सांगतो."

त्यानं वहीत सही केली. त्या दिवशी गल्लीतून काकांसोबत मी गेले नाही, तो गेला. मागच्या दारानं दोघं आत आले तेव्हा काकूंनी तीन कप मांडले होते, आणि माझा विसरल्या होत्या.

नागपूरची खोली त्यानं रद्द केली, असं लिहिलं तर हा लेख प्रेरणादायी होईल आणि संपादक खूष होतील. त्यानं ती रद्द केली नाही. होळीपर्यंत पुढे ढकलली, होळीला आणखी पुढे. माझ्या धंद्यात यालाच यश म्हणतात. काकांचा आजार वाढतो आहे. हल्ली सहीतल्या वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. पण चार्ज रोज दिला जातो.

एक बदल मात्र झाला. रविवारी सहा वाजून गेल्यावर फोन वाजतो. काकू तो काकांच्या कानाला लावतात आणि पलीकडून आवाज येतो, "बाबा, मी नितीन बोलून राहिलो. तुमचा पोरगा. ड्यूटी सुटली काय?" काका सुटली म्हणतात, मग कधी रोलाबद्दल, कधी बायको जेवायची थांबली आहे त्याबद्दल बोलतात, आणि तो पुण्याहून हव हव करतो.

ते त्याला ओळखतात का, हे मला विचारू नका. त्या घरात तो प्रश्न आता कुणी विचारत नाही.